आधी पहिला, मग उजवा

भूपाल, शेड रिकामी करायची आहे. हळद काढायला आलीय. ती शिजवून, वाळवून पोत्यांत भरली की ठेवायला जागा लागणार, आणि तुझ्या शेडच्या मधोमध माझी बुलेट उभी आहे. अर्धी उघडी, अर्धी बांधलेली, तू सोडून गेलास तशी. तुझ्या धाकट्या भावाचा, शीतलचा फोन आला. बिचारा आधी नुसता घसा खाकरत होता. मग म्हणाला, "दादा, गाडीचं कसं करायचं? टेंपो बघू का? दहिवडीला घरापर्यंत पोच करतो." मी म्हटलं, टेंपो नको, मी चालवत नेतो. पलीकडं शीतलनं परत घसा खाकरला. मग हळूच, "पर दादा, ती चालती कुठं?" त्याचं खरं होतं. गाडी चालत नव्हती आणि मीही अजून धड चालत नव्हतो. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि निघालेला शब्द परत गिळायची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

मार्केट यार्डात सौदा चालू असताना तू खाली बसलास आणि उठला नाहीस, एवढंच मला सांगितलं. मी जास्त विचारलंही नाही. लोक येऊन तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेले. भूपाल म्हणजे देवमाणूस, भूपालनं कधी मुंगी दुखावली नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मला तुझा राग येत होता. आपला वाद अर्धा राहिला होता. देवमाणसं वाद अर्धा टाकून जात नाहीत.

तू कसा होतास हे मला विचारलं असतं तर मी दवाखान्यातलं सांगितलं असतं. डंपरनं मला रस्त्याच्या कडेला चेपलं, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, आणि मी साताऱ्याच्या दवाखान्यात छताकडं बघत पडलो होतो. येणारा प्रत्येकजण शहाळं आणायचा आणि चेहरा पाडून बसायचा. तू सांगलीहून आलास तो खिशात मापाची टेप घेऊन. पांघरूण बाजूला केलंस आणि माझा उजवा पाय मापायला लागलास. मांडी, गुडघा, टाच. माझ्या बायकोला, शोभाला वाटलं तुझं डोकं फिरलंय. "भावजी, हे काय चाललंय तुमचं?" तिच्या आवाजात रडू होतं. तू मान वर न करता म्हणालास, "वहिनी, डावा गेला. उजवा हाय की. उजव्याची गाडी बघाय लागंल."

तोवर मला कुणी 'हाय' हा शब्द ऐकवला नव्हता. सगळे काय गेलं तेवढंच बोलत होते.

तुझं डोकं तेव्हाही बरोबर चाललं होतं. हल्लीच्या गाड्यांना गिअर डाव्या पायाला. जुन्या बुलेटचं उलटं, गिअर उजवीकडं आणि ब्रेक डावीकडं. मग ब्रेक तेवढा हाताला आणला की झालं. तू औंधला एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात तसली गाडी शोधून काढलीस. सीटवर कोंबड्या बसत होत्या, टाकीला गंज चढला होता, आणि तू मला फोनवर सांगितलंस, "गाडी लय झकास हाय." ती टेंपोतून उतरवताना मी पाहिली तेव्हा मला तुला बदडावंसं वाटलं होतं.

माझं काय अडलं होतं हे तुला ठाऊक होतं. शिरवळला आपण एका खोलीत राहायचो, तू कंपनीत लेथवर आणि मी जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करत होतो, तेव्हापासून तुला ठाऊक होतं की मला खुर्चीत बसवलं की मी चिडका होतो. पाय गेल्यावर दहिवडीच्या जनावरांच्या दवाखान्यात मला टेबल दिलं. रजिस्टर भरा म्हणाले. साहेबांनी चांगुलपणानंच दिलं. पण माण तालुक्यातल्या मेंढ्या दवाखान्यात येत नाहीत, दवाखान्यानं मेंढ्यांकडं जायचं असतं. वस्त्या माळावर लांब लांब, रस्ता म्हणजे गाडीच्या चाकोऱ्या नाहीतर नुसती पायवाट. कळपात रोग शिरला की धनगर फोन करायचे आणि मी फोनवरूनच सांगायचो, आजारी मेंढरू बाजूला बांधा, दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. तो दुसरा कधी जायचा, कधी जायचा नाही. मला परत माळावर जायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

म्हणून मी दर रविवारी पहाटेची एसटी धरून सांगलीला यायला लागलो. नवा पाय अजून दुखायचा, विट्याच्या स्टँडवर उतरताना कंडक्टर हात द्यायला यायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचो. तुझ्या शेडमध्ये पोचलो की मात्र माझा आवाज खाली यायचा. सगळीकडं हळदीची पूड. पान्यांवर हळद, स्क्रूच्या डब्यात हळद, तुझ्या भुवयांवर हळद. तुझ्या घरच्या, माझ्या वहिनी, चहा आणायच्या आणि आपल्या दोघांकडं बघून म्हणायच्या, "नवरा कोण आणि करवला कोण, कळंना झालंय." आठवड्यातून एक दिवस कुठंतरी जायचं आहे, हे तू मला दिलंस, भूपाल. मी त्यावर तग धरला. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुझ्यासमोर असलं काही बोललो असतो तर तू पाना फेकून मारला असतास.

आता तुझ्या कामाच्या तऱ्हेबद्दल. ती मला कधीच पटली नाही आणि अजूनही मी पटवून घेणार नाही. दिवस मावळला की तू पाना खाली ठेवायचास. एक बोल्ट राहिला असला तरी ठेवायचास. का, तर बल्ब लावला की किडे येतात आणि तेलात पडून मरतात. काढलेल्या तेलाच्या घमेल्यावर तू फडकं बांधायचास. नवं तेलसुद्धा वहिनींच्या पाणी गाळायच्या जुन्या फडक्यातून गाळून भरायचास. मी म्हणायचो, "आरं, कंपनीनं सीलबंद डबा दिलाय, त्यात कुठला जीव आलाय?" तू म्हणायचास, "सवय हाय गड्या. सवयीला कशाला कारण पायजे?" वर तोंडातल्या तोंडात तुमचा जैनांचा णमोकार मंत्र चालू. तुझ्या त्या सवयीपायी महिन्याचं काम वर्षाकडं सरकत गेलं.

आणि ती कुंभारीण! सायलेन्सर बसवून पहिल्यांदा इंजिन सुरू करायचा रविवार. मी नवा शर्ट घालून आलो होतो. तू सायलेन्सरच्या तोंडात डोकावलास आणि तसाच मागं सरलास. मातीची घरं बांधणारी ती माशी आत घर करून बसली होती. बोटभर मातीचा गोळा, तोंड लिंपून बंद. मी म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर दे, खरवडतो. तू माझ्या हातातून तो काढून घेतलास.

"आत पिल्लू हाय तिचं."

"आरं पर ती त्या पिल्लाला खायला जित्त्या अळ्या कोंबती आत! तिला शिकव की आधी अहिंसा."

"तिचं कर्म तिच्यापाशी. माझ्या हातनं न्हाई."

"मग कवा सुरू करायची?"

"पिल्लू उडून गेलं की. मातीला भोक पडलं की समजायचं, घर रिकामं."

मी त्या दिवशी चहा न पिता स्टँडवर गेलो. नंतर तू रोज फोन करून पेशंटचा रिपोर्ट द्यावा तसं सांगायचास, "अजून भोक न्हाई." शोभा म्हणायची, या दोघांना कुणाची तरी नजर लागलीय. शेवटी एक दिवस तुझा फोन, लहान पोरासारखा आवाज, "गेलं रं, गेलं! भोक पडलंय." मी वर्गणीच्या बैठकीत होतो, तिथंच मोठ्यानं 'हां' म्हणालो आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

गाडी मात्र तू देखणी केलीस. मागचा ब्रेक डाव्या हाताशी आणलास, क्लचच्या खाली दुसरी छोटी मूठ बसवून. पुढं डिस्क ब्रेक घातलास. माझा खोटा पाय पायपट्टीवरून घसरायचा, तर हळद तोलायच्या जुन्या तराजूचं पारडं कापून, आत रबर चिकटवून त्याला बसायला वाटी केलीस. तुझ्या आजोबांनी त्या पारड्यात हळद तोलली असेल. त्यात माझा पाय ठेवताना मला अवघडल्यासारखं झालं, पण तू म्हणालास, "वजन त्येवढंच हाय. बस."

मग शिकवणी. गाडी स्टँडवर, मी वर, आणि तू समोर खुर्ची टाकून हवालदारासारखा बसलेला. मला थांबायला शिकायचं होतं. चालवणं सोपं, थांबणं अवघड. आपल्याला सगळ्यांना थांबताना डावा पाय टेकायची सवय. माझा डावा टेकला की घसरणार. म्हणून उजवा टेकायचा. पण उजव्याकडं तर गिअर. न्यूट्रल करून थांबलो तर परत गिअर टाकायला उजवा उचलावा लागणार आणि गाडी डावीकडं आडवी. तू यावर डोकं खाजवत बसलास आणि मग तोड काढलीस. थांबायच्या आधीच पहिल्या गिअरवर यायचं, क्लच धरून ठेवायचा आणि मगच उजवा टेकायचा. निघताना नुसता क्लच सोडायचा, पाय आपोआप जागेवर. "आधी पहिला, मग उजवा," तू म्हणायचास. "म्हण." मी म्हणायचो. "परत म्हण." जेवताना मधेच ओरडायचास, "थांब! ट्रॅक्टर आला!" आणि मी भाकरी हातात धरून म्हणायचो, आधी पहिला, मग उजवा. वहिनींनी कपाळाला हात लावला होता.

त्यानंतर तो रविवार. इंजिन बंद ठेवून तू मला अंगणात ढकलत होतास. मी म्हटलं थांब, आणि सवयीनं डावा पाय गेला खाली. फरशीवर पसरलेल्या पुडीवरून तो सरकला. गाडी माझ्यावर, मी तुझ्यावर. मला फारसं लागलं नाही. तू उठलास, "हळद सांडली," म्हणालास आणि पाणी आणायला घरात गेलास, तो लवकर आलाच नाहीस. आलास तेव्हा तांब्या तुझ्या हातात हलत होता. मी बघितलं. तांब्या तुझ्या हातातून घेतला. तू घाबरलो असं म्हणाला नाहीस. पुढच्या रविवारी आलो तर भिंतीवर दोन छोटी चाकं लटकत होती, लोखंडी नळीच्या चौकटीला जोडलेली. लहान पोरांच्या सायकलला बाजूनं असतात तसली.

"ही कुणाला?"

"तुला. दोन बाजूला दोन. पडायचा विषयच न्हाई."

"मी न्हाई बसवणार."

"बसवणार म्हंजे बसवणार."

मी तुला समजावलं. माळावर चाकोऱ्या असतात, एक चाक चाकोरीत गेलं की बाजूचं अधांतरी होणार. वळताना गाडी कलली पाहिजे, ही चाकं कलू देणार नाहीत. उतारावर गाडी उलथेल. तू मान हलवायचास आणि शेवटी म्हणायचास, "ते सगळं बरोबर हाय. पर चाकं बसवायची." मग मी खरं ते बोललो. असल्या गाडीवरून वस्तीवर गेलो तर धनगराची कुत्रीसुद्धा हसतील. "हसू देत. कुत्र्यांनी उचललंय का तुला कवा? मी उचललंय." आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं तेही त्याच्यावरच. "रविवारी ये, बघू कोण जिततंय," तू म्हणालास. तो रविवार आलाच नाही.

शीतलच्या फोननंतर रजा टाकून तुझ्या घरी येऊन राहिलो. पहिल्या दिवशी शेड उघडली तर तेलाच्या घमेल्यावर तू बांधलेलं फडकं तसंच होतं. मी तिथंच उभा राहून रडलो. शीतल बाहेर थांबला आणि मला त्यानं रडू दिलं. नंतर मी कामाला लागलो. ब्रेकची केबल ओढली, क्लच जुळवला, हॉर्नची तार लावली. संध्याकाळी एकच नट राहिला. शीतल म्हणाला, बल्ब लावू का दादा? मी हो म्हणणारच होतो. मग पाना खाली ठेवला, घमेल्यावर फडकं बांधलं आणि म्हटलं, सकाळी बघू. तुझी तऱ्हा मला पटलीय असा याचा अर्थ काढू नकोस.

चाकांचं मात्र मनात घोळत राहिलं. शोभानं निघतानाच सांगितलं होतं, भावजींचा शब्द मोडू नका. इथं वहिनी जेवायला वाढताना म्हणाल्या, "भावजी, त्यांची लय इच्छा होती. तेवढी चाकं बसवूनच न्या. माझ्या जिवाला घोर नको." त्यांच्याकडं बघून मला नाही म्हणवेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, संपला वाद. गेलेल्या माणसाला काय हरवायचं? बसवू चाकं. माळावर जाता नाही आलं तर डांबरी रस्त्यानं बाजारापर्यंत तरी जाईन. मी माझ्या मनाची अशी समजूत घातली आणि झोपलो, आणि झोप वाईट लागली.

सकाळी राहिलेला नट आवळला. मग पाना घेऊन भिंतीकडं गेलो आणि चाकं उतरवायला हात वर केला. चौकट ज्या नळीनं गाडीला अडकवायची, तिच्या तोंडाशी माती दिसली. मी चष्मा पुसून परत बघितलं. बोटभर मातीचा गोळा, नळीचं तोंड गच्च लिंपलेलं, वरून गुळगुळीत. भोक नव्हतं.

मी हात खाली घेतला. मग वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, चवड्यांवर उभ्या राहून त्यांनी नळीच्या तोंडाकडं बघितलं.

"अगं बाई! ही कवा आली?"

"काय करू वहिनी? खरवडू?"

वहिनींनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्या पायाकडं, आणि परत त्या मातीच्या गोळ्याकडं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. तू गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा हसू ऐकलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "आवं, त्यांनी तरी कुठं हात लावू दिला असता? ऱ्हाऊ द्या तिथंच. न्हाई बसवायची." आणि शीतलला सांगितलं, त्या भिंतीला हळदीची थप्पी लावू नकोस, भोक पडेपर्यंत.

हरलास भूपाल. माझ्या हातून हरला नाहीस, तुझ्याच कायद्यानं हरलास, तेव्हा आता तक्रार करायला जागा नाही. मी जिंकलो म्हणून नाचलोही नाही. तू असतास तर तोंड वाकडं करून 'बघू' म्हणाला असतास, पिल्लू उडायची वाट बघत बसला असतास, आणि मला परत पुढच्या रविवारी यायला लावलं असतंस. मी आलोही असतो.

गाडी शीतलनं अंगणात काढली. साइड स्टँडवर उभी असतानाच मी चढलो, डावा पाय पारड्यात बसवला, अँमीटरचा काटा मध्यावर आणला आणि किक मारली. तिसऱ्या किकला ती बोलली. वहिनींनी पाणी गाळायचं ते फडकं हँडलला बांधलं होतं, तेल घालताना वापरा म्हणून. कुणी नारळ फोडला नाही. पहिला टाकला, गाडी उजव्या पायावर घेतली, शीतलनं स्टँड वर सारला, क्लच सोडला आणि फाटकातून बाहेर पडलो.

गल्ली, मग मळ्याची वाट, दोन्ही बाजूंना ऊस. गाडी डावीकडं कलली, उजवीकडं कलली, मला हवी तशी. हँडल धरलेले माझे हात थरथरत होते. तुझ्या हातातला तांब्या मला तेव्हा नीट कळला. पुढं वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथं, उसाआडून, एकदम ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या ऊस भरून, गाणी लावून, कुणाकडं न बघता. पुढचा ब्रेक दाबला, मागचा दाबला. माझा डावा पाय पारड्यातून उठायला लागला. तो उठतोय हे मला कळत होतं. मी मोठ्यानं ओरडलो. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं, त्याला वाटलं मी त्याला शिव्या देतोय.

आधी पहिला, मग उजवा.

पाय टेकला, भूपाल. उजवा. गाडी हलली नाही. ट्रॅक्टर निघून गेला आणि मी क्लच धरून थोडा वेळ तिथंच थांबलो, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मग डोळे बाहीनं पुसले, दोन्हीकडं बघितलं आणि क्लच सोडला.